चौपाटीवरून नरिमन पॉइंटचा संध्याकाळचा फोटो: आकाश येतं तर इमारती काळ्या, इमारती येतात तर आकाश पांढरं

विरार_लेडीज_डबा

नमस्कार मंडळी. इथे बरेच जण कॅमेरावाले आहेत म्हणून विचारते.

माझे बाबा नरिमन पॉइंटच्या एका इमारतीत १९९३ पासून लिफ्टमन आहेत. येत्या ३१ डिसेंबरला रिटायर होतायत. त्या इमारतीचा बाहेरून काढलेला एकही फोटो आमच्या घरात नाही. आतले दोन आहेत, दोन्ही लिफ्टमधले, आणि दोन्हींत बाबांच्या मागे बटणं. मला समुद्राच्या पलीकडून काढलेला फोटो हवाय. वर आकाश अजून निळं आहे आणि खाली खिडक्याखिडक्यांत दिवे लागलेत, असा. मोठा करून भिंतीवर लावायचाय.

ऑफिसातल्या एकीच्या भावाकडून जुना निकॉन डी५३०० घेतला, सोबत १८-५५ लेन्स. ट्रायपॉड ऑनलाइन मागवला, ११०० रुपयांचा, जरा लटपटतो. लागोपाठ दोन रविवार गिरगाव चौपाटीवर गेले. टिळकांच्या पुतळ्याच्या पुढे वाळूत उभी राहिले. १४३ फोटो काढले, एकही धड नाही. सूर्य बुडताना आकाश छान येतं पण इमारती कोळशासारख्या. उजेड वाढवला की इमारती दिसतात, पण आकाश धुतलेल्या चादरीसारखं पांढरं. थोडा अंधार झाला की कॅमेरा आपणहून फ्लॅश उघडतो आणि सगळंच काळं येतं. सूर्य गेल्यावर दहा मिनिटांत मी निघते, कारण घर विरारला आहे आणि रविवारी मेगाब्लॉक.

कॅमेरा ऑटोवर आहे. बाकी काय करायचं ते माहीत नाही. माझं चुकतंय का कॅमेऱ्याचं?

वडापाव_२४

मोबाईलने काढा ना ताई. नाइट मोड लावायचा, हात स्थिर धरायचा, झालं. आमचा फोन तर चंद्रही काढतो.

ठाकूरद्वार_तिसरा_मजला

ताई, कॅमेऱ्याचं काही चुकत नाही. तुमच्या तीन गोष्टी चुकतायत आणि तिन्ही तुम्हीच लिहून ठेवल्यात.

आधी तो फ्लॅश. ऑटोवर कॅमेऱ्याला वाटतं की समोर कोणाचा तरी वाढदिवस आहे. त्याचा तो इवलासा फ्लॅश चार-पाच मीटर पोचतो, आणि चौपाटीपासून नरिमन पॉइंट आहे सरळ रेषेत तीन किलोमीटर. शिवाय फ्लॅश उघडला की कॅमेरा शटर साधारण १/६० सेकंदापुरतंच उघडं ठेवतो, म्हणजे लांबचा उजेड गोळा करायला वेळच देत नाही. म्हणून सगळं काळं. डायल फिरवून ‘एम’वर आणा. घाबरू नका, त्यात तीनच आकडे असतात.

आयएसओ, म्हणजे कॅमेरा उजेडाला किती चटकन दाद देतो ते, १०० ठेवा. अॅपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, एफ ८. हे दोन लावून विसरा. फक्त शटर बदलत जायचं. सूर्य बुडताना आकाशाला समजा १/६० बरोबर बसतंय. तिथून पुढे दर तीनेक मिनिटांनी आकाशाचा उजेड निम्मा होतो. म्हणजे १/३०, १/१५, १/८ असं उतरत वीस-बावीस मिनिटांत तुम्ही २ सेकंदांवर येता. शहरातले दिवे मात्र आहेत तेवढेच राहतात. सहा वाजता ते लागलेले असले तरी आकाशापुढे त्यांची काय टाप! हळूहळू आकाश उतरत उतरत त्यांच्या पातळीला येतं. ती पाच-सात मिनिटं तुमची. त्यानंतर आकाश आणखी खाली जातं आणि उरतात काळ्या कागदावर पिवळे ठिपके, तसले फोटो कॅलेंडरवर ढिगाने मिळतात.

आता दुसरी चूक. डिसेंबरच्या मधल्या दिवसांत मुंबईत सूर्यास्त सहा वाजून तीन-चार मिनिटांनी. तुम्ही सव्वासहाला निघता. ज्याच्यासाठी गेलात ते ६:१८ ते ६:३० च्या मधे होतं, तेव्हा तुम्ही चर्नी रोडच्या जिन्यावर असता. हसत नाहीये, मी स्वतः पहिली काही वर्षं हेच केलंय. तेव्हा स्लाइड फिल्मचा रोल असायचा, ३६ फोटोंचा, आणि महाग. त्यातले तीस-बत्तीस मी सूर्यावर उधळायचो आणि खरा मोका आला की रोल संपलेला. एकदा चौपाटीवरून परत येताना ठाकूरद्वारच्या नाक्यावर मागे वळून पाहिलं, गल्लीच्या तोंडाशी आकाश असं निळं की काय सांगू. खिशात रिकामा कॅमेरा. तेव्हापासून सूर्याकडे मी फार लक्ष देत नाही. तो रोजच जातो.

तिसरी चूक मात्र तुम्हाला स्वतःला कळायला हवी होती, तुम्ही लिफ्टमनच्या लेक. रविवार! रविवारी त्या इमारतींत असतं कोण? खिडक्या काळ्याच येणार, कॅमेरा पन्नास लाखांचा का असेना. कामाच्या दिवशी जा. डिसेंबरचा एवढाच फायदा आहे, साडेसहाला निळं आकाश आणि ऑफिसं भरलेली. हाच फोटो जूनमध्ये काढायचा तर सूर्यास्तच सव्वासातच्या पुढे, तोवर निम्मी माणसं गाडीत.

आणखी थोडं. वाळूत उभ्या राहू नका. ट्रायपॉडचे पाय एकेक मिलिमीटर रुतत जातात, तुम्हाला कळतही नाही आणि दोन सेकंदांचा फोटो हललेला येतो. फरसबंदीवर कठड्याशी उभ्या राहा. ट्रायपॉडचा मधला दांडा वर काढायचा नाही, त्याला खाली तुमची पर्स अडकवा, डबा आत असेल तर उत्तमच. लेन्सवरचं व्हीआरचं (थरथर सावरणारं) बटण बंद. बोटाने शटर दाबायचं नाही, दोन सेकंदांचा टायमर लावा. लेन्सवर काच लावलेली असेल (यूव्ही फिल्टर म्हणून दुकानदार गळ्यात मारतात ती) तर काढून टाका, नाहीतर प्रत्येक दिव्याचं भूत फोटोत दुसरीकडे उमटतं. फोकस पडद्यावर मोठं करून एखाद्या दिव्यावर हाताने लावा आणि मग फोकस मॅन्युअलवरच राहू द्या.

फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, घ्या. ऑफिसांच्या ट्यूबलाइटी फिल्मवर हिरव्या यायच्या, रस्त्यावरचे सोडियमचे दिवे नारिंगी. त्यात २०१५ साली मरीन ड्राइव्हचे पिवळे दिवे काढून पांढरे एलईडी लावले आणि राणीच्या हाराचा दवाखाना करून टाकला. लोकांनी ओरड केली तेव्हा पुन्हा पिवळसर आले. आता रॉ असेल तर घरी बसून रंग ठरवता येतो, आमच्या वेळी डोकं धरून बसायचो.

आणि सूर्य कुठे जातो याचा विचार करू नका. चौपाटीवर तो वर्षातला बहुतेक काळ मलबार हिलच्या मागेच जातो. तुमच्या फ्रेममध्ये तो हवाय कशाला? तुमचं तोंड दक्षिणेला, तो उजव्या हाताला. जाता जाता इमारतींच्या पश्चिमेच्या बाजूला सोनेरी हात फिरवतो, तो एक फोटो सूर्यास्ताच्या आधी दहा मिनिटं काढून ठेवा. बाकीचं काम तो गेल्यावर.

मोबाईलवाल्या भाऊंना: फोन वाईट नाही. तो एकामागून एक पाच-दहा फोटो घेऊन आतल्या आत शिवतो, म्हणून आकाशही येतं आणि इमारतीही. पण १८ बाय १२ इंचाचा प्रिंट काढा आणि खिडक्या बघा, गोधडी दिसते.

मोराबंदर

ठाकूरद्वार काकांशी सहमत, पण शहराच्या मागे सूर्य जाताना बघायचं असेल तर तुम्ही सगळे चुकीच्या किनाऱ्यावर उभे आहात. मरीन ड्राइव्ह, वरळी, बँडस्टँड, सगळीकडे सूर्य समोर पाण्यात आणि शहर तुमच्या पाठीमागे. मुंबईच्या मागे सूर्य बुडतो तो फक्त आम्हा उरणकरांना दिसतो.

उरणच्या मोरा बंदरातून भाऊच्या धक्क्याला जाणारी संध्याकाळची लाँच धरा. समोर गोदीच्या क्रेन, त्यांच्या मागे शहरातले टॉवर, त्यांच्या मागे लाल गोळा. मी चौदा वर्षं ये-जा करतोय, अजून खिडकीची जागा धरतो. घारापुरीहून गेटवेला परतणारी शेवटची बोट पण चालेल, तिथे गेटवे आणि ताजचा घुमट सावलीसारखे काळे येतात. फक्त घारापुरी सोमवारी बंद असते हे लक्षात ठेवा.

बोटीवर ट्रायपॉड म्हणजे शोभेची काठी. सगळी बोटच हलते. १/५०० तरी ठेवा, आयएसओ चढवा, काळ्या आकृत्याच हव्या असतील तर आकाशावर एक्स्पोजर (उजेडाचं माप) घ्या. आणि नौदलाच्या गोदीकडे कॅमेरा रोखून बसू नका, नसते प्रश्न विचारले जातात. मोऱ्याला ओहोटीच्या वेळी गाळामुळे लाँच रखडते, तेव्हा भरतीचं वेळापत्रक बघूनच निघा, नाहीतर सूर्यास्त धक्क्यावरच बघाल.

शिकागोकर_मूळचा_सांगलीचा

मोराबंदरने माझ्या मनातलं लिहिलं. आमच्याकडे तळं पूर्वेला आणि शहर पश्चिमेला, त्यामुळे अॅडलर प्लॅनेटेरियमच्या कट्ट्यावर उभं राहिलं की अख्ख्या शिकागोच्या मागे सूर्य उतरतो. तिथे संध्याकाळी ट्रायपॉडची जत्रा भरते.

एक फरक मात्र मला मुंबईला सुट्टीवर आल्यावर कळला. शिकागोत संधिप्रकाश रेंगाळतो. उन्हाळ्यात सूर्य गेल्यावर कॉफी आणायला जाऊन परत येता येतं. लंडनला जूनमध्ये होतो तेव्हा तर पाऊण तास निघाला. मुंबईत सूर्य जवळजवळ सरळ खाली जातो, त्यामुळे तेवीस-चोवीस मिनिटांत खेळ आटोपतो. गेल्या डिसेंबरात शिकागोच्या हिशेबाने निवांत लेन्स बदलत बसलो आणि वर बघितलं तर रात्र. तेव्हा ताई, सगळं आधीच लावून ठेवा. त्या बारा मिनिटांत लेन्सला हात लावायचा नाही.

विरार_लेडीज_डबा

सगळ्यांचे आभार. रविवारचं वाचून कपाळावर हात मारला. बाबांना सांगितलं तर म्हणाले, “रविवारी एकच लिफ्ट चालू असते, तुला माहीत होतं की.” होतं.

माझं ऑफिस ऑपेरा हाउसला आहे, साडेपाचला सुटते, चौपाटी चालत दहा मिनिटं. म्हणजे इतके दिवस मी सुट्टीच्या दिवशी विरारहून येत होते आणि रोज संध्याकाळी त्याच जागेजवळून स्टेशनला जात होते.

ठाकूरद्वार काका, एक शंका. १८-५५ पुरेल का? आणि आकाश रोज धुरकट दिसतंय, सूर्य तर पाण्यापर्यंत पोचायच्या आधीच विरघळतो. अशात जाऊ की थांबू? हातात नऊच कामाचे दिवस आहेत.

ठाकूरद्वार_तिसरा_मजला

हिशेब करू. तुमच्या कॅमेऱ्यात लेन्स ५५ वर, म्हणजे पूर्ण ओढून, ठेवली की तीन किलोमीटरवरचा साधारण सव्वा किलोमीटर रुंदीचा पट्टा बसतो. फोटो आडवा ६००० पिक्सेलचा. म्हणजे एक मजला पंधरा-सोळा पिक्सेल उंच. १८ इंची प्रिंटवर तो एक मिलिमीटरच्या थोडा वर जातो. पंचवीस मजल्यांची इमारत तीन सेंटिमीटर. नरिमन पॉइंटचा देखावा म्हणून छान, पण बाबा रिटायर झाल्यावर सोफ्यावर बसून मजले मोजणार असतील तर नाही पुरणार. कोणाकडून ७०-३०० लेन्स मिळते का बघा, फोर्टात भाड्यानेही मिळते. २०० वर ठेवलंत तर तीच इमारत अकरा सेंटिमीटरची होईल. ३०० वर जाऊ नका, तुमच्या ११०० रुपयांच्या ट्रायपॉडला ते झेपणार नाही, आणि जितकं ओढाल तितकं धुरकंही फोटोत येतं.

धुरक्याचं असं की डिसेंबरात ते असणारच. वारा पडला की साचतं, संध्याकाळचा समुद्रावरचा वारा नीट सुटला की थोडं हटतं. चौपाटीच्या सिग्नलला आलात की समोर बघायचं. नरिमन पॉइंटच्या खिडक्यांच्या ओळी नुसत्या डोळ्यांनी वेगळ्या दिसल्या तर थांबा. सगळी भिंत एकसारखी राखाडी दिसली तर सरळ गाडी पकडा, उद्या आहे. खरी स्वच्छ हवा पावसाची उघडीप पडते तेव्हा असते, पण बाबांची रिटायरमेंट काही सप्टेंबरवर ढकलता येणार नाही.

वारा सुटला म्हणजे लेन्सवर खारं पाणी येणार. बनियनचा जुना तुकडा जवळ ठेवा, दर पाच मिनिटांनी हलकेच पुसायचं. आणि फोटो चांगला यावा म्हणून कठडा ओलांडून टेट्रापॉडवर उतरायचं नाही. शेवाळ असतं. एका जुलैत मी उतरलो होतो, लाट आली, मी वाचलो आणि कॅमेरा गेला. दुरुस्तीवाल्याने उघडला तेव्हा आत मीठ. म्हणाला, “काका, भाजीला घाला.”

विरार_लेडीज_डबा

झालं. लिहायला उशीर झाला.

७०-३०० त्याच भावाकडे निघाली, त्याने ती विकायला काढलीच नव्हती. पहिल्या दोन दिवशी सिग्नलवरूनच परत गेले, राखाडी भिंत. तिसऱ्या दिवशी ऑफिसात एक व्हाउचर जुळेना, सहा वाजून दहा मिनिटांनी पोचले, ट्रायपॉड उघडेपर्यंत वीस, फोकस लावेपर्यंत रात्र. शिकागोकरांची आठवण आली.

चौथ्या दिवशी गुरुवार होता. वारा इतका की भेळवाल्याच्या कागदाच्या पुड्या उडत होत्या. खिडक्यांच्या ओळी वेगळ्या दिसल्या. पर्स ट्रायपॉडला लटकवली, पण वाऱ्याने तीच झुलायला लागली आणि तिच्यासोबत ट्रायपॉडही. शेवटी ती काढून पायांच्या मधे जमिनीवर ठेवली आणि दांड्याला ओढणीने ताणून बांधली. एक आजी बराच वेळ बघत होत्या, म्हणाल्या, “काय गं, दुर्बीण आहे का? शनी दिसतो का?”

सूर्य मलबार हिलच्या बाजूला धुरक्यात गेला. लोक फोन खिशात टाकून निघाले. मी १/३० पासून उतरत गेले, दर दोन मिनिटांनी एक फोटो. काका म्हणाले तसंच झालं. ६:१६ ला दिवे असून नसल्यासारखे होते. ६:२१ ला खिडक्या एकदम पुढे आल्या, कोणी तरी आतून आवाज वाढवल्यासारख्या. ६:२४ चा फोटो, २ सेकंद, हाच तो. ६:२७ चाही चांगला आहे पण वाऱ्याने हललाय. ६:३५ ला आकाश संपलं होतं. १९ फोटोंतला एक. नंतर चर्नी रोडला गाडीत शिरायला मिळेना. चर्चगेटला बसायला मिळत नाही त्या वेळी चर्नी रोडला पायरीवरही जागा नसते. दोन गाड्या सोडल्या.

बाबांना ३१ तारखेपर्यंत दाखवायचा नव्हता, पण राहवलं नाही. त्याच रात्री लॅपटॉपवर उघडला. बाबांनी चष्मा काढला, नाक पडद्याला लागेल इतके जवळ गेले, आणि बोटाने खालून वर मोजायला लागले. नवव्यावर थांबले. नववा अख्खा काळा आहे. मला वाटलं माझं काही चुकलं. म्हणाले, “बरोबर आहे, ती कंपनी दिवाळीत अंधेरीला गेली.” मग वर गेले, अठराव्याच्या कोपऱ्यातली निळसर खिडकी कोणाच्या केबिनची ते सांगितलं, एकविसाव्यावर साहेब सातच्या आधी उठत नाहीत ते सांगितलं. सगळ्यात वर, गच्चीच्याही वर, एक पिवळा ठिपका आहे. मी तो घरी आल्यावर धूळ समजून पुसायच्या विचारात होते. बाबा म्हणाले, “मशीन रूम. परत कोणी दिवा तसाच ठेवला.” आणि खरंच फोन लावला हो, रात्री साडेनऊला, नाइटवाल्याला.

आता प्रिंटचं सांगा. स्टुडिओवाला म्हणतो चकचकीत कागद घ्या, रंग उठून दिसतील, आणि काचेची फ्रेम. ठिपका पुसू का विचारत होता, नको म्हटलं.

ठाकूरद्वार_तिसरा_मजला

कागद मॅट घ्या आणि काच लावूच नका. तुमच्या हॉलमधली ट्यूबलाइट समोरच्या भिंतीवर असणार, चकचकीत कागदावर आणि काचेत ती बरोबर नरिमन पॉइंटच्या मधोमध दिसेल. १८ बाय १२ च काढा, त्याहून मोठा नको. आधी ४ बाय ६ चा एक नमुना काढून दिवसा आणि रात्री घरच्या भिंतीवर धरून बघा. पडद्यावर दिसतं त्यापेक्षा कागदावर नेहमी अंधारं येतं, तेव्हा स्टुडिओवाल्याला थोडं उजळ करायला सांगा. नवव्या मजल्याला मात्र हात लावू देऊ नका.

मोराबंदर

फोटो इथे टाका की ताई.

विरार_लेडीज_डबा

३१ नंतर टाकते. बाबा म्हणाले आधी मशीन रूमवाल्याचं नाव कळू दे.